थोरली जतन होत नाही

संगणक बंद करायचा नाही, असा हुकूम नोंदकाकांनी सोमवारी सकाळी काढला. तोंडी हुकुमावर त्यांचा विश्वास नसल्यामुळे तो त्यांनी पुठ्ठ्यावर लिहिला, खाली सही केली, तारीख घातली आणि पुठ्ठा दोऱ्याने मॉनिटरच्या गळ्यात बांधला. घरात माणसं दोनच. त्यांपैकी एकाने हुकूम काढलेला, म्हणजे तो पाळायची सगळी जबाबदारी काकूंवर आली. त्यांनी चष्मा लावून पुठ्ठा वाचला आणि विचारलं, "म्हणजे टेबल पुसायचं नाही?"

"पूस की. पण वायरला धक्का लावू नकोस."

"मग नाहीच पुसत," काकू म्हणाल्या. त्या दिवसापासून टेबलावरची धूळसुद्धा संरक्षित झाली.

नोंदकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात, नदीकाठच्या जुन्या पंपगृहात, त्यांनी चौतीस वर्षं नोंदवही लिहिली. कुठला पंप किती वाजता सुरू झाला, किती वाजता थांबला, का थांबला आणि थांबवताना हजर कोण होतं. निवृत्तीच्या दिवशी वही खात्याकडे जमा झाली, सवय मात्र घरी आली. दूधवाला किती वाजता आला, पाहुणे किती वाजता गेले आणि 'निघतो' म्हटल्यावर किती वेळाने गेले, याच्या नोंदी घरात आजही मिळतील. पाहुण्यांना हे ठाऊक झाल्यापासून ते वेळेवर निघतात.

त्या पंपगृहात तीन पंप होते. माणसांनी त्यांना थोरली, मधली आणि धाकटी अशी नावं दिली होती. धाकटी सारखी आजारी, मधली लहरी, आणि सगळ्या शहराचं पाणी ओढायची ती थोरली. क्वार्टर्स पंपगृहाच्या मागच्या भिंतीला लागूनच. थोरलीचा आवाज तसा मोठा नव्हता, पण तो जमिनीतून यायचा, खाटेच्या पायांतून वर चढायचा आणि फळीवरची भांडी एकमेकांना हळूच लागत राहायची. नवी लग्न होऊन आलेली बाई पहिले आठ दिवस डोकं धरून बसायची आणि नवव्या दिवशी विसरून जायची. काकूही विसरल्या. त्यांची लेक त्या आवाजातच जन्मली. दुरुस्तीसाठी थोरली थांबली की शांततेने दचकून क्वार्टर्सची सगळी लाइन जागी व्हायची आणि लेक भोकाड पसरायची. मग नोंदकाका तिला खांद्यावर टाकून पंपगृहाच्या दारात उभे राहायचे आणि फिटर मंडळी मान वर न करता म्हणायची, "झालंच हो, झालंच." ते दिवस नोंदकाकांना आज विचारले तर मिनिटांसकट सांगतील.

दहा वर्षांपूर्वी तिन्ही पंप भंगारात गेले. नवे आले ते मुके. शेजारी उभं राहिलं तरी चालू आहेत की नाहीत ते दिवा पाहून कळतं.

आता लेकीला चार महिन्यांचं बाळ आहे, ती दुसऱ्या गावी असते आणि बाळ झोपत नाही. एकदा फोनवर ती म्हणाली, "बाबा, थोरलीचा आवाज असता ना, तर हे नक्की झोपलं असतं." म्हणाली आणि हसून तिने फोन ठेवला. पोरीने सहज म्हटलं होतं. बापाने ती मागणी म्हणून दाखल करून घेतली.

लेकीचा जुना संगणक घरात होताच. वाचनालयात ज्येष्ठांसाठी संगणकाचा वर्ग निघाला, तिथे नोंदकाकांना एक कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, भेटला. त्यात काही लिहावं लागत नाही. रंगीत ठोकळे असतात, एकेक ठोकळा म्हणजे एकेक हुकूम. 'बटण दाबल्यावर', 'चाक फिरव', 'आवाज वाजव', 'पुन्हा पुन्हा'. ठोकळ्याला ठोकळा लावला की हुकुमांची माळ तयार. वरपासून खालपर्यंत हुकूम क्रमाने पाळले जातात आणि मध्ये कोणी चहाला जात नाही, हे पाहून चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचं मन भरून आलं. दीड महिना खपून त्यांनी पडद्यावर पंपगृह उभं केलं. विटांची भिंत, तिन्ही पंप, हिरवी चाकं. थोरलीवर माउसचा बाण नेऊन बोट दाबलं की चाक फिरायचं.

फक्त आवाज नव्हता. तो ट्रंकेत निघाला. लेक चार वर्षांची असताना तिच्या बडबडीची एक कॅसेट भरली होती. तिच्यात एका ठिकाणी ती 'पाणी पिऊन येते' असं सांगून उठून जाते आणि पावणेदोन मिनिटं नुसती थोरली ऐकू येते. नोंदकाकांनी गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून कॅसेटमधला तेवढा भाग उतरवून घेतला. आवाज हाती आला. कॅसेट परत आली तेव्हा तिची फीत यंत्राच्या पोटातून दोन मुठी भरून बाहेर आलेली होती.

"जुनी होती हो," दुरुस्तीवाला म्हणाला. "पण तुमचं काम झालं ना?"

झालं होतं. रविवारी त्यांनी आवाज ठोकळ्याला जोडला, बोट दाबलं आणि थोरली बोलली. काकू स्वयंपाकघरातून ओले हात घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. पावणेदोन मिनिटांनी 'पुन्हा पुन्हा' या ठोकळ्याने थोरली परत सुरू केली, तेव्हा काकू म्हणाल्या, "भांडी वाजायला पाहिजे होती." एवढं बोलून त्या लगबगीने आत गेल्या.

इथपर्यंत ठीक होतं. बिघडलं ते पुढे. इतके दिवस ही फाइल 'नवीन' अशा बेवारशी नावाने जतन होत होती. आता काम पूर्णत्वाला आलं, तर तिला रीतसर नाव हवं, असं नोंदकाकांच्या मनाने घेतलं. त्यांनी 'नव्या नावाने जतन करा' हे बटण दाबून चौकटीत टाइप केलं: पंगृ/जुने/थोरली/१. अशा क्रमांकाशिवाय त्यांच्या हातून आयुष्यात एक कागद टेबल सोडून गेला नव्हता.

पडद्यावर पाटी आली: 'जतन करताना अडचण आली. पुन्हा प्रयत्न करा.'

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पाटीही पुन्हा आली. अकरा प्रयत्नांची नोंद झाल्यावर त्यांनी सल्ला घ्यायचं ठरवलं, आणि चूक कुठली म्हणाल तर खरी हीच.

वरच्या मजल्यावर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ राहतात. सगळे त्यांना टेलिफोनवाले म्हणतात. जगातल्या कुठल्याही यंत्राला त्यांच्याकडे एकच औषध.

"बंद करून चालू करा."

"बंद केलं तर आवाज जाईल. जतन झालेला नाही."

"पण बंद करून चालू केल्याशिवाय जतन कसा होणार?"

या वाक्यात काहीतरी खोट होती, पण नोंदकाकांना ती सापडत नव्हती. तेवढ्यात टेलिफोनवाल्यांना दुसरी कल्पना सुचली. "जागा भरली असेल. नको ते काढून टाका." दोघांनी मिळून नको ते शोधलं. काकूंच्या भाचीच्या लग्नाचे फोटो काढायला काकूंनी नकार दिला. तेव्हा सुट्या आवाजाच्या फाइलवर टेलिफोनवाल्यांचं बोट गेलं. "हा तर कार्यक्रमात आलाच आहे. डबल कशाला?" मुद्दा बिनतोड होता. फाइल कचरापेटीत गेली. "पेटीपण रिकामी करा, नाहीतर जागा कशी होणार?" पेटीपण रिकामी झाली.

मग त्यांनी त्याच क्रमांकाने पुन्हा 'जतन करा' दाबलं. 'जतन करताना अडचण आली.'

टेलिफोनवाल्यांनी घड्याळात पाहिलं, औषधाची वेळ झाली म्हणाले आणि जिना चढून गेले. नोंदकाका खुर्चीत बसले आणि हळूहळू त्यांना हिशेब लागत गेला. थोरली भंगारात. कॅसेट दोन मुठींत. फाइल कचऱ्यात आणि कचरा कुठे गेला तो देव जाणे. त्या आवाजाची पावणेदोन मिनिटं आता साऱ्या दुनियेत फक्त या उघड्या खिडकीत होती, आणि ती खिडकी भिंतीतल्या एका सैल प्लगच्या भरवशावर होती. पुठ्ठा मॉनिटरच्या गळ्यात पडला तो त्यानंतर.

मंगळवारी तळमजल्यावरच्या मुख्याध्यापिका बाई आल्या. त्याही निवृत्त, पण आवाज अजून नोकरीत होता. त्यांनी पाटी मोठ्याने वाचली आणि यंत्राकडे अशा नजरेने पाहिलं, की नोंदकाकाच सरळ बसले.

"नाव बदलून पाहिलंत?"

आता इथे गंमत पाहा. याहून अचूक सल्ला त्या आठवड्यात कोणी दिला नव्हता. नोंदकाकांनी लगेच तो अमलात आणला. त्यांनी शेवटच्या एकाचा दोन केला. मग तीन केला. मग पुढे वर्ष घातलं, तिरकी रेघ देऊन. पुन्हा 'नवीन' असं बेवारशी नाव द्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

"नाही ना होत? मग हे नावाचं नव्हे," बाई म्हणाल्या. "फोनवर आवाज भरून घ्या."

तेही झालं. काकूंचा मोबाइल स्पीकरला टेकवला, पंखा बंद केला, श्वास रोखले. भरून झाल्यावर लावलं, तर थोरलीऐवजी एखादं शिवणयंत्र शेजारच्या खोलीत चालावं असं काहीतरी निघालं, आणि शेवटी बाईंची शिंक. जमिनीतून येणारा तो खालचा सूर फोनला पेलवलाच नाही.

संगणकवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, मशीन दुकानात घेऊन या. बंद न करता आणायचं कसं, असं विचारल्यावर तो म्हणाला, मग मी येतो, पण सोमवारनंतर. रविवारी लेक येणार होती. तिला विचारावं तर सगळं तिच्यासाठीच चाललेलं, आणि मूळ फाइल आपण आपल्या हाताने पुसली हे पोरीला कुठल्या तोंडाने सांगायचं? काकू तीन वेळा म्हणाल्या, "मी करते तिला फोन." तिन्ही वेळा नोंदकाकांनी मोबाइल आपल्या खिशात घातला.

बुधवारी सकाळी जिन्यात कागद लागला. 'दुरुस्तीसाठी उद्या सकाळी दहा ते पाच वीज बंद राहील.'

नोंदकाकांनी तो तीनदा वाचला. मग घरी येऊन इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं आणि वीज कचेरीत निघाले. जाताना काकूंना एवढंच म्हणाले, "लक्ष ठेव." त्यांचा चेहरा पाहून काकूंनी धुळीबद्दल ओठांवर आलेलं वाक्य गिळलं.

कचेरीत तीन खिडक्या होत्या. पहिलीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने जेवणाच्या सुट्टीनंतर यायला सांगितलं. नोंदकाकांना राग आला नाही. उलट बाकावर बसून त्यांना बरंच वाटलं. तोच फायलींचा वास, तोच कुरकुरणारा पंखा, तीच कोपऱ्यात कोणीतरी विसरलेली छत्री. आपल्यालाही लोक असेच बाकावरून पाहत असणार, हे त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

तिसऱ्या खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला. विषय होता: थोरली वाचवण्यासाठी उद्याची वीज न घालवण्याबाबत.

"घरात रुग्ण आहे का काका? रुग्णासाठी वेगळा नमुना असतो."

"रुग्ण नाही. पंप आहे."

"पंपाचं असेल तर पाणीपुरवठ्याकडे जा."

"तिथूनच निवृत्त झालोय."

बाईंनी मान वर करून नीट पाहिलं. नोंदकाकांनी मग सगळं सांगितलं. क्वार्टर्स, खाट, लेक, बाळ, पावणेदोन मिनिटं. मागच्या रांगेतल्या माणसांनीही ऐकलं आणि एकजण म्हणाला, "घ्या हो त्यांचा अर्ज." बाईंनी अर्ज घेतला. "वीज काही थांबायची नाही काका, खोटं कशाला सांगू. पण पोच देते." संगणकात टाइप करून त्यांनी पोच छापून दिली.

नोंदकाकांनी पोच पाहिली आणि त्यांची मुद्रा बदलली. एवढ्या संकटातसुद्धा माणसाचा स्वभाव जात नाही.

"बाई, क्रमांक चुकलाय. विभाग, मग तिरकी रेघ, मग वर्ष, मग तिरकी रेघ. तुम्ही आडव्या रेघा दिल्यात."

"आडव्याच असतात आता."

"असं कसं? क्रमांकात तिरकी रेघच असते. चौतीस वर्षं मी स्वतः—"

"मीपण तिरक्याच मारायचे हो. पण संगणकावर फाइलच्या नावात तिरकी रेघ घातली की ती जतनच होत नाही. यंत्राला वाटतं तिथे नवा कप्पा सुरू झाला. अडचण आली, अडचण आली, एवढंच म्हणत राहतं मेलं. आम्ही पंधरा दिवस डोकं फोडलं. शेवटी वरून परिपत्रक आलं."

नोंदकाकांनी खिडकीचा कठडा धरला. "परिपत्रक आहे?"

"आहे ना."

"त्याचा क्रमांक?"

"त्यातही आडवीच रेघ आहे."

शेजाऱ्यापाजाऱ्यांचं काहीही असो, परिपत्रकापुढे नोंदकाकांनी जन्मात वाद घातला नव्हता. ते दोन पावलं मागे सरले, परत आले आणि म्हणाले, "बाई, माझा अर्ज मी मागे घेतो."

"त्याला वेगळा अर्ज लागेल."

तो त्यांनी उभ्या उभ्या, कठड्यावर कागद ठेवून, भराभर लिहून दिला. पोच घ्यायला थांबले नाहीत. असं ते पहिल्यांदाच वागले.

घरी आले तर दार सताड उघडं. आत टेलिफोनवाले आणि मुख्याध्यापिका बाई उभ्या, आणि काकू स्टुलावर बसलेल्या. स्टूल भिंतीतल्या प्लगला अगदी टेकलेलं, पाठ प्लगला. मांडीवर निवडायची भाजी.

"मी म्हणतो एकदाच फक्त बंद करून—" टेलिफोनवाले सांगत होते.

"हे येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही," काकू म्हणाल्या. मग नवऱ्याकडे पाहून, "दुपारपासून इथेच आहे. पाय बधिर झालेत माझे."

भाजी निवडताना आपली थोरली पाठीशी घालून बसलेली ती बाई पाहून नोंदकाकांना काय वाटलं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. तेवढं त्यांना कधी जमलं नाही. ते खुर्चीत बसले. एकेक तिरकी रेघ खोडून तिच्या जागी त्यांनी आडवी घातली, प्रत्येक वेळी जरासं थांबून. जन्मभराची रेघ आडवी करताना बोट जड होतंच. मग त्यांनी 'जतन करा' दाबलं.

पडद्यावर काहीच आलं नाही. पाटी नाही, अडचण नाही.

"झालं?" मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं.

"झालं."

"मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, नाव बदला." हे त्या पुढे महिनाभर सगळ्यांना सांगत होत्या, आणि ते खरंही होतं. टेलिफोनवाल्यांनी हट्टाने संगणक बंद करून परत चालू करून घेतला, आणि फाइल उघडल्यावर आपलं औषध लागू पडलं अशा समाधानाने ते घरी गेले. नोंदकाकांनी सात प्रती काढल्या. काकू उठायला गेल्या आणि त्यांना हात धरून उठवावं लागलं.

रविवारी दुपारी लेक आली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्यावर बाळ. "रिक्षातपण टक्क जागं होतं," ती म्हणाली. "पाच मिनिटं बसते जरा, मग जेवायला वाढ गं आई." ती खाटेला टेकून खाली जमिनीवरच बसली, लहानपणी बसायची तशी.

नोंदकाकांनी बाळाला मांडीवर घेऊन पडद्यासमोर बसवलं. स्पीकर त्यांनी जमिनीवर पालथे ठेवले होते, म्हणजे आवाज खालून यावा. दोन शब्द बोलायचं त्यांनी ठरवलं होतं, ते राहूनच गेलं. त्यांनी नुसतंच थोरलीवर बोट दाबलं.

हिरवं चाक फिरू लागलं. फरशीतून, खाटेच्या पायांतून थोरली वर चढली.

बाळाने डोळे मोठे केले. चाकाकडे पाहिलं, पाय झाडले आणि खिदळलं. झोपायचं लक्षण नाही. उलट होती नव्हती तेवढी सगळी झोप उडाली होती. एक पावणेदोन मिनिटं गेली, दुसरी गेली. बाळ चाक धरायला झेपावत होतं. नोंदकाकांचा चेहरा पडला. दीड महिन्याचं काम, तो आठवडा, ती कचेरी, सगळं पाण्यात.

"चालत नाही गं याला," ते मागे न पाहता म्हणाले. "आवाज कमी करून बघू का?"

लेकीने उत्तर दिलं नाही.

"ऐकलंस का? कमी करू?"

काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला. नोंदकाकांनी वळून पाहिलं. लेकीची मान खाटेच्या कडेवर कलली होती. तोंड किंचित उघडं, पिशवीचा पट्टा अजून मनगटात अडकलेला. ती गाढ झोपली होती. चार महिन्यांची झोप एकदम येऊन तिच्यावर पडली होती.

नोंदकाकांचे डोळे भरून आले. हातात बाळ होतं, त्यामुळे पुसता येईनात, म्हणून ते तसेच वाहू दिले. काकूंनी लेकीच्या मनगटातला पट्टा अलगद सोडवला, मानेखाली उशी सरकवली आणि स्वयंपाकघराचं दार आवाज न करता ओढून घेतलं. दोन वाजले, अडीच वाजले. जेवण झाकलेलंच राहिलं. बाळ टक्क डोळ्यांनी आजोबांकडे पाहत होतं. नोंदकाकांनी त्याच्या मुठीत आपलं बोट दिलं आणि थोरली चालू ठेवली.